जमलं तर कुलूप

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

टपालाची पिशवी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाते तेव्हा तिचं तोंड बांधून त्यावर सील मारतात. पलीकडे पिशवी उतरली की तिथला माणूस आधी सील पाहतो. ते तुटलेलं असेल तर नोंद होते, विचारपूस होते. म्हणजे सील लावणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच ते जागेवर आहे की नाही हे कुणीतरी पाहणंही महत्त्वाचं. ई-मेलच्या पिशवीला सील लावण्याची युक्ती १९९९ साली निघाली. पण सील लागलं नाही तर ते कुणाला कळावं, याची रीतसर सोय व्हायला पुढची जवळजवळ वीस वर्षं गेली. या वीस वर्षांची हकिगत आज सांगायची आहे. एका संस्थेचे मेल सर्व्हर सांभाळण्यात माझी बरीच नोकरी गेली, त्यामुळे तिच्यातला थोडा भाग मी जवळून पाहिला आहे.

ई-मेल पाठवताना आपण बटण दाबतो आणि पत्र थेट समोरच्याच्या पेटीत पडतं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते आधी आपल्या सर्व्हरकडे जातं. तो पत्त्यातल्या ‘ॲट’ या खुणेपुढचं नाव वाचतो, त्या नावाचं टपाल कुठला सर्व्हर घेतो हे इंटरनेटच्या नामसूचीत पाहतो आणि त्या सर्व्हरला हाक मारतो. ही ‘ॲट’ची खूण पत्त्यात आणली ती रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने, १९७१ साली. दोन संगणकांत संभाषण कसं व्हावं, याचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. त्या नियमांना एसएमटीपी म्हणतात.

हे संभाषण फार मजेदार आहे, कारण ते माणसाला वाचता येतं. हाक मारणारा म्हणतो, ‘हेलो, मी अमुक’. सगळ्या आज्ञा चार अक्षरी ठेवायच्या होत्या, म्हणून इंग्रजी ‘हॅलो’तला एक ‘एल’ गळाला. समोरचा उत्तर देतो, ‘२५०’, म्हणजे ठीक. मग ‘अमक्याकडून पत्र आहे’, ‘२५०’. ‘तमक्याला द्यायचं आहे’, ‘२५०’. ‘मजकूर घ्या’, ‘३५४, सांगा’. उत्तराचा पहिला आकडा ४ असेल तर ‘आत्ता नाही, पुन्हा या’ आणि ५ असेल तर ‘कधीच नाही’. कुठल्याही संगणकावरून सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या दाराशी जाऊन आपण स्वतः टंकून हे संवाद करू शकतो. माझ्या पिढीने मेलचं दुखणं ओळखायला हीच रीत शिकली. डॉक्टर नाडी पाहतात, तसं आम्ही आधी ‘हेलो’ म्हणून पाहायचो.

पण जे आम्हाला वाचता येतं ते तारेला कान लावणाऱ्यालाही वाचता येतं. १९८२ साली या जाळ्यावर काही शे संगणक होते आणि सांभाळणारे बहुतेक एकमेकांना ओळखत होते. तेव्हा सील हवं कशाला? आपल्याकडे मुंबईत जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण १९८६-८७च्या सुमारास सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हाही आपली पत्रं सगळीकडच्या पत्रांसारखी उघडीच जात होती.

या भोळ्या जगाला पहिला धक्का बसला तो २ नोव्हेंबर १९८८ रोजी. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला ‘वर्म’ एका रात्रीत हजारो संगणकांत शिरला. त्याच्या वाटांपैकी एक होती ‘सेंडमेल’ या त्या काळच्या सर्वांत प्रचलित मेल सर्व्हरची. सेंडमेलमध्ये दुरुस्तीच्या सोयीसाठी ठेवलेली एक जादा आज्ञा होती. वर्मने तीच वापरली. पुढच्या काळात संस्थांच्या दाराशी फायरवॉल नावाचे राखणदार बसू लागले. त्यांतल्या काहींना शिकवण अशी होती की १९८२ सालच्या मोजक्या मूळ आज्ञा तेवढ्या आत सोडायच्या आणि बाकी अनोळखी शब्द दिसला की तो पुसून टाकायचा. ही शिकवण लक्षात ठेवा, पुढे ती महागात पडणार आहे.

१९९३ साली एसएमटीपीत नव्या सोयींची भर घालण्याची पद्धत ठरली. हाक मारणाऱ्याने ‘हेलो’ऐवजी ‘एहलो’ म्हणायचं, की समोरचा आपल्याला काय काय येतं याची यादी वाचून दाखवतो. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने वेबसाठी एसएसएल हे सांकेतिक कुलूप बाजारात आणलं. त्याचीच सुधारलेली आवृत्ती, टीएलएस, जानेवारी १९९९ मध्ये प्रमाणित झाली. त्याच महिन्यात पॉल हॉफमन यांनी लिहिलेला एक छोटा मसुदा आला. ते कुलूप मेलच्या संभाषणाला कसं लावायचं, हे त्यात होतं. ‘एहलो’ला उत्तर देताना सर्व्हरने यादीत ‘स्टार्ट-टीएलएस’ असा शब्द घालायचा. हाक मारणाऱ्याला तो समजला तर त्याने तोच शब्द उच्चारायचा, दोघांनी किल्ल्या ठरवायच्या आणि पुढचं बोलणं सांकेतिक भाषेत करायचं.

या मसुद्यात एक अट होती आणि आपल्या हकिगतीचं सगळं सार तिच्यात आहे. जगाचं टपाल घेणाऱ्या कुठल्याही सर्व्हरने आपल्याकडची पत्रं स्वीकारण्यासाठी कुलपाची सक्ती करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. विचार रास्त होता. जगातल्या बहुतेक सर्व्हरना हा शब्द ठाऊकच नव्हता. सक्ती केली असती तर पत्रव्यवहार तुटला असता. टपालाचा पहिला धर्म पत्र पोचवणं हा आहे, गुप्तता नंतर. म्हणून तडजोड अशी झाली की कुलूप लागलं तर उत्तम, नाही लागलं तर पत्र उघडं पाठवा. ‘पोस्टफिक्स’ या लोकप्रिय मेल सर्व्हरमध्ये कुलपाची सोय आधी जर्मनीतल्या लुट्झ येनिके यांनी बाहेरून जोडली आणि २००५ पासून ती मूळ आवृत्तीतच आली. तिथे या तडजोडीच्या पर्यायाचं नावच ‘मे’ असं आहे. मराठीत सांगायचं तर ‘जमलं तर’.

तडजोडीतला धोका मसुदा लिहिणाऱ्यांना दिसत नव्हता असं नाही. मधल्या एखाद्याने यादीतला ‘स्टार्ट-टीएलएस’ हा शब्द खोडला तर हाक मारणाऱ्याला वाटेल की समोरच्याला कुलूप लावता येत नाही आणि तो पत्र उघडं देऊन मोकळा होईल, हे त्याच मसुद्यात लिहिलेलं आहे. फक्त असं खोडणारा कुणी लबाडच असेल, असं तेव्हा वाटत होतं.

प्रत्यक्षात खोडणारे निघाले ते आपलेच राखणदार. माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. आमच्या संस्थेच्या दवाखान्याला बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडून रुग्णांच्या तपासण्यांचे अहवाल ई-मेलने येत. दोन्ही सर्व्हरवर कुलपाची सोय होती. तरी आमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजनिशीत, प्रयोगशाळेच्या पत्रांपुढे कुलपाची खूण नसायची. बाकी सगळ्यांच्या पत्रांपुढे असायची. मी आमच्याच इमारतीतून सर्व्हरला ‘एहलो’ म्हणून पाहिलं. यादीत ‘स्टार्ट-टीएलएस’ ठळक होतं. मग रात्री घरच्या इंटरनेटवरून तेच केलं, तिथेही शब्द पूर्ण दिसला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या माणसाला फोनवर एकेक आज्ञा सांगितली आणि त्याला काय दिसतं ते वाचायला लावलं. तो वाचत गेला आणि एका ओळीवर अडखळला. म्हणाला, ‘सर, इथे नुसत्या फुल्या आहेत.’ सात फुल्या आणि शेवटी एक ‘ए’.

‘स्टार्ट-टीएलएस’ची इंग्रजी अक्षरं आठ. ओळीची लांबी बदलू नये म्हणून त्यांच्या जागी बरोबर आठ अक्षरं बसवलेली होती. प्रयोगशाळेच्या दाराशी बसलेल्या फायरवॉलला तो शब्द अनोळखी होता. तिने शिकवणीप्रमाणे तो पुसला. राखणदार इमानी होता, पण घरातलं कुलूप त्यानेच काढून ठेवलं होतं. एक सेटिंग बदलल्यावर अहवाल कुलूपबंद येऊ लागले.

मला जास्त बोचलं ते वेगळंच. ती फायरवॉल बसवून अकरा महिने झाले होते. तेवढे दिवस कुणाचा मधुमेह, कुणाची गरोदरपणाची चाचणी, कुणाचा याहून गंभीर आजार, सगळं उघडं चाललं होतं आणि एकाही माणसाची तक्रार नव्हती. तक्रार येणार कुठून? प्रत्येक पत्र वेळेवर पोचत होतं. वाटेत कुणी वाचलं का, हे आता सांगता येणं शक्यच नव्हतं आणि रुग्णांना तर काहीच कळलं नाही. वीज गेली तर अंधार होतो, नळ गेला तर कोरडा पडतो. हे कुलूप गेलं तर मात्र काहीच होत नाही.

असं कुलूप न लागण्याची कारणं आणखीही होती. कुलूप लावताना दोघांना एक समाईक सांकेतिक भाषा लागते. एक सर्व्हर फार जुना आणि दुसरा फार नवा असला की तीच सापडत नाही. या भाषांनाही राजकारणाचा इतिहास आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेचा कायदा असा होता की बळकट सांकेतिक तंत्र देशाबाहेर पाठवायचं नाही, परदेशांसाठी मुद्दाम दुबळ्या किल्ल्या द्यायच्या. जानेवारी २००० मध्ये हे निर्बंध बरेच सैल झाले. पण सॉफ्टवेअरमधून दुबळ्या किल्ल्या कुणी पुसल्या नाहीत. २०१५ साली ‘फ्रीक’ आणि ‘लॉगजॅम’ या नावांनी जाहीर झालेल्या दोषांनी दाखवून दिलं की वाटेत बसलेला माणूस दोन चांगल्या सर्व्हरनाही त्या जुन्या किल्ल्यांवर आणू शकतो. मग नव्या आवृत्त्या दुबळी किल्ली दिसताच बोलणं तोडू लागल्या. त्या वर्षी अनेकांच्या लॉगमध्ये ‘किल्ली फार लहान’ अशा ओळी अचानक दिसू लागल्या. काही सर्व्हर अशा वेळी पत्र अडवून धरत, काही गुपचूप उघडं पाठवत. अडवणाऱ्यांकडे निदान बोंब तरी व्हायची.

दुसरं कारण ओळखपत्राचं. कुलूप कुणाबरोबर लावतो आहोत हे कळावं म्हणून सर्व्हर आपलं सर्टिफिकेट दाखवतो. मेलच्या जगात ते बरीच वर्षं जवळजवळ कुणी तपासत नव्हतं. कुणाचं मुदत संपलेलं, कुणाचं दुसऱ्याच नावाचं, कुणाचं स्वतःच स्वतःला दिलेलं. तपासून पत्र अडवलं असतं तर निम्मं टपाल तुंबलं असतं. शिवाय तपासून उपयोगही कमीच होता. कुठल्या सर्व्हरकडे जायचं हे नामसूची सांगते, आणि तिच्या उत्तरावर सही नसते. कुणी खोटं उत्तर देऊन आपल्याच सर्व्हरकडे वळवलं, तर तिथे त्याच्या नावाचं अगदी अस्सल सर्टिफिकेट तयार असणार.

२०११ च्या मार्चमध्ये पोस्टफिक्सचे कर्ते वित्से व्हेनेमा यांनी एक वेगळाच दोष उघड केला. कुलूप लागण्याच्या आधीच्या क्षणी मधल्या माणसाने एखादी आज्ञा त्याच पुडक्यात सरकवली, तर काही सर्व्हर ती बाजूला ठेवायचे आणि कुलूप लागल्यावर विश्वासाने पाळायचे. दार लावण्याआधीच चोर आत येऊन बसावा तसं. व्हेनेमांना तो आधी स्वतःच्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडला, पण तो त्यांच्या एकट्याच्या घरचा निघाला नाही. उघड्यावर सुरू होऊन मध्येच कुलूपबंद होणाऱ्या संभाषणाची ती उपजत अडचण होती.

जगाला जाग आली ती २०१३ मध्ये. एडवर्ड स्नोडेन याने बाहेर काढलेल्या कागदपत्रांवरून अमेरिकी आणि ब्रिटिश हेरखाती तारांवरून किती माल उचलतात हे वर्तमानपत्रांत आलं. गूगल आणि याहूच्या स्वतःच्या केंद्रांना जोडणाऱ्या तारांनाही कान लावल्याची बातमी ३० ऑक्टोबर २०१३ ची. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी प्रथमच आपल्या लॉगमधले आकडे जाहीर केले. मे २०१४ मध्ये फेसबुकने सांगितलं की त्यांच्या सूचनापत्रांपैकी ५८ टक्केच कुलूपबंद जातात. पुढच्या महिन्यात गूगलने सांगितलं की जीमेल आणि इतर कंपन्या यांच्यामधली ४० ते ५० टक्के पत्रं उघडी असतात. आकडा चारचौघांत आल्याचा परिणाम झपाट्याने झाला. मोठ्या मेल कंपन्यांनी सोय सुरू केली आणि ऑगस्टपर्यंत फेसबुकचं प्रमाण ९५ टक्क्यांवर गेलं.

२०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठ, गूगल आणि इतर काही ठिकाणच्या संशोधकांनी या फुल्यांचा माग जगभर काढला. त्यांना आढळलं की ट्युनिशियातून जीमेलकडे येणाऱ्या पत्रांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक पत्रांचं कुलूप वाटेतच काढलेलं होतं. इराक, नेपाळ, केनिया, युगांडा यांसारख्या देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या वर होतं. यामागे पाळत होती की आमच्या प्रयोगशाळेसारखा एखादा अतिउत्साही राखणदार, हे बाहेरून ओळखता येत नव्हतं. मला यातली हीच गोष्ट सर्वांत भीतीदायक वाटते. हेतू वेगळे, पण उमटणाऱ्या फुल्या सारख्याच.

मग उपाय दोन दिशांनी आले. पहिला ‘डेन’. यात नामसूचीच्या नोंदींवर सही असते आणि तिच्यातच सर्व्हरच्या किल्लीचा ठसा ठेवलेला असतो. ठसा आहे म्हणजे कुलूप आहे. ते न लागल्यास किंवा ठसा न जुळल्यास पत्र पाठवायचं नाही. बर्लिनच्या पोस्टेओ या छोट्या मेल कंपनीने मे २०१४ मध्येच तो वापरात आणला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये मेलसाठीचे नियम प्रमाणित झाले. सही केलेली नामसूची ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी सप्टेंबर २०१८ मध्ये ‘एमटीए-एसटीएस’ आलं. त्यात संस्था आपल्या वेबसाइटवर जाहीर करते की आमच्याकडे कुलपाशिवाय येऊ नका. एप्रिल २०१९ पासून जीमेल ते पाळू लागलं. ‘जमलं तर’ची जागा हळूहळू ‘जमलंच पाहिजे’ घेऊ लागलं.

सक्ती आली तसे तंटेही बदलले. डिसेंबर २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ९० दिवसांच्या मुदतीची सर्टिफिकेटं सर्वांना फुकट देऊ लागली होती. सर्टिफिकेट आपोआप नवं होतं, पण सोबत किल्लीही बदलली आणि नामसूचीतला जुना ठसा तसाच राहिला तर पत्रं पाठवणाऱ्याच्या रांगेत पडून राहतात. बरेच सर्व्हर चार-पाच दिवस प्रयत्न करून ती परत करतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका जुन्या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली तेव्हा अनेक जुन्या यंत्रांचा असाच खोळंबा झाला. माझे काही सहकारी याला वैतागत. मला विचाराल तर ही प्रगतीच होती. पत्र अडलं की फोन वाजतो आणि फोन वाजला की कुणीतरी पाहतं.

एमटीए-एसटीएसबरोबरच सप्टेंबर २०१८ मध्ये आणखी एक छोटा नियम आला. त्याची चर्चा कमी झाली, पण माझ्या मते तोच या हकिगतीचा नायक आहे. हा नियम पाळणारे सर्व्हर, तशी मागणी करणाऱ्या संस्थेला रोज एक अहवाल धाडतात: काल तुमच्याकडे इतक्यांदा आलो, इतक्यांदा कुलूप लागलं, इतक्यांदा लागलं नाही. कारणही लिहितात. सर्टिफिकेट संपलं होतं, नाव जुळलं नाही, किंवा ‘स्टार्ट-टीएलएस’ हा शब्दच दिसला नाही. आमच्या वेळी असा कागद कुणी धाडत असतं, तर ते अकरा महिने एका दिवसावर आले असते.

सामान्य माणसालाही थोडं पाहता येतं. ९ फेब्रुवारी २०१६ रोजी जीमेलने उघड्या पत्रापुढे लाल रंगाचं उघडं कुलूप दाखवायला सुरुवात केली. पुढच्या ४४ दिवसांत जीमेलकडे कुलूपबंद येणारं टपाल २५ टक्क्यांनी वाढलं, असं गूगलने सांगितलं. तंत्र तेच होतं, नियम तेच होते, फक्त लोकांना दिसू लागलं. तुम्हीही एखाद्या पत्राचे तपशील उघडा. त्यात सुरक्षेची एक ओळ असते. बँकेचं, डॉक्टरांचं, वकिलांचं पत्र आलं तर ती एकदा वाचा आणि तिथे कुलूप नसेल तर त्यांना विचारा.

मात्र हे सील पिशवीचं आहे, पत्राचं नाही. पिशवी प्रत्येक कचेरीत उघडली जाते आणि तिथल्या माणसाला पत्र वाचता येतं. पत्रालाच कुलूप लावायचं तर त्याची रीत वेगळी आणि तो विषयही वेगळा. पण कचेरी ते कचेरी या वाटेपुरतं पाहिलं तर वीस वर्षांचा धडा सोपा आहे. कुलूप करणं गणितज्ञांना फार आधी जमलं होतं. ते लागलं नाही हे वेळेवर कुणाला तरी सांगायचं असतं, एवढंच शिकायला आपल्याला वेळ लागला.